रेटू नगंस, नुसतं टेकव

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले काही आकडे इथे घातले आहेत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. काल रात्री पंगतीत दोघी-तिघींनी विचारलं, "तू एआयवर बोलणार असशील ना?" नाही. त्यावर तुमची मुलंच तुम्हाला घरी पुरेसं सांगत असतील. मी आज हवेवर चालणाऱ्या एका लहानशा ग्राइंडरबद्दल बोलणार आहे. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

मागच्या पावसाळ्यात मी आपल्या दहावीच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. डाव्या गालावर पट्टी. खाली लिहिलं होतं, 'किरकोळ आहे, स्वयंपाकघरात लागलं.' तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवलीत, काळजी घे म्हणालात. ते स्वयंपाकघरात लागलेलं नव्हतं. खरं सांगायची लाज वाटली, म्हणून तसं लिहिलं. मी इंजिनिअर आहे, आणि जे झालं ते एक आकडा न वाचल्यामुळे झालं होतं.

टाळेबंदीच्या वर्षी घरून काम सुरू झालं आणि मी कोल्हापूरला परत आले, हे तुम्हाला माहीत आहे. घरामागची पत्र्याची शेड रिकामी होती. दिवसभर पडद्यावर काम केल्यावर हातात काहीतरी धरावंसं वाटायचं. आधी एक बेंच व्हाइस घेतला, मग ड्रिल मशीन, मग चार इंची ग्राइंडर. असं करत करत दोन एचपीचा, पन्नास लिटर टाकीचा कंप्रेसर आला आणि त्यामागोमाग हा डाय ग्राइंडर. आपल्या उद्यमनगरात कोणत्याही हत्यारांच्या दुकानात मिळतो. आठवीत विषय निवडताना मी टेक्निकल सोडून संस्कृत घेतलं होतं, कारण संस्कृतला मार्क पडतात. ते पडलेही. पण कानस कशी धरायची हे मी चाळिशीत शिकले.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हातात मावेल एवढी नळी, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मागून हवेचा पाइप येतो, पुढे कॉलेट असतं, त्यात सहा मिलिमीटर दांड्याचं हत्यार बसतं. साचे म्हणजे डाय बनवणारे लोक साच्याच्या आतले कोपरे आणि गोलाया साफ करायला ते वापरतात, म्हणून नाव डाय ग्राइंडर. आत वायरिंग नाही, कॉइल नाही. एक दंडगोल, त्यात केंद्रापासून थोडा सरकवून बसवलेला रोटर आणि रोटरच्या खाचांत आतबाहेर सरकणाऱ्या चार-पाच पात्या. दाबाखालची हवा पात्यांना ढकलत पसरते आणि बाहेर पडते. एवढंच.

या साधेपणाचे तीन फायदे आहेत. काम करताना हत्यार अडकलं तर विजेची मोटर तापते, जळूही शकते. हा नुसता थांबतो, आणि हत्यार सोडवलं की पुन्हा फिरतो. दुसरं, लोखंडाचा कीस आत जाऊन वायरिंगला धोका नाही, कारण वायरिंगच नाही. तिसरं, पाण्याजवळ चालवला तरी या यंत्रातून शॉक बसत नाही. तिसऱ्या फायद्याचा उपयोग पुढे सांगते.

तोटा म्हणाल तर वेग. आपला छताचा पंखा मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे घेतो. हातातलं ड्रिल मशीन तीन हजारांच्या आसपास. हा मोकळा सोडला की २०,००० ते २५,००० फेरे घेतो.

तर तो दिवस. अंगणाच्या लोखंडी फाटकावर गंज चढला होता. ड्रिलला लावायचा तारेचा गोल ब्रश माझ्याकडे होता, पंचाहत्तर मिलिमीटर व्यासाचा. ड्रिलवर काम हळू होत होतं. मनात आलं, याचा दांडा सहाचा आहे, डाय ग्राइंडरचं कॉलेटही सहाचं आहे. लावला. बसला. लिव्हर दाबली. दोन-तीन सेकंद छान आवाज आला आणि मग गालावर कोणीतरी चापट मारल्यासारखं झालं. ब्रशची एक तार सुटून डाव्या गालात रुतली होती, डोळ्याच्या खाली. डोळ्यांवर माझा नेहमीचा नंबरचा चष्मा होता, गॉगल खुंटीला होता. डॉक्टरांनी तार चिमट्याने काढली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "तुम्ही करता काय?" मी म्हटलं, "सॉफ्टवेअर." ते पुढे काही बोलले नाहीत.

त्या रात्री ग्रुपवर फोटो टाकला आणि झोपायला गेले. पाच मिनिटांनी आपल्यापैकी एकाचा वेगळा मेसेज आला. 'स्वैपाकघरात गालाला काय लागतंय? खरं सांग.' त्याचं नाव मी घेणार नाही, तशी त्याची अट आहे. हे सगळं त्याला विचारूनच सांगते आहे. तुम्ही ओळखाल, पण मागे वळून बघू नका. त्याने आठवीत टेक्निकल घेतलं होतं, दहावीनंतर आयटीआय केलं, आणि गेली सव्वीस वर्षं तो फाउंड्रीत फेटलिंगला आहे. साच्यातून निघालेल्या कास्टिंगवर जो जादा धातू, शिवणी, काटे राहतात ते घासून काढायचं काम. डाय ग्राइंडर हे त्याचं रोजचं हत्यार आहे.

मी त्याला ब्रशचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'तो ब्रश हाताळू नगंस. उद्या शिफ्ट सुटली की येतो.'

दुसऱ्या दिवशी तो आला. ब्रश उचलला, उलटा केला आणि धातूच्या तबकडीवर कोरलेला आकडा मोठ्याने वाचला. "पंचेचाळीसशे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला वाचता येतंय न्हवं?"

४५०० आरपीएम ही त्या ब्रशची मर्यादा होती. मी तो २५,००० वर फिरवला होता. वेग साडेपाच पट झाला. पण फिरणाऱ्या वस्तूला बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साडेपाच गुणिले साडेपाच, साधारण तीस पट. एवढा ब्रश त्या वेगाने फिरला तर तारांची टोकं ताशी साडेतीनशे किलोमीटरने जातात. हे गणित मला येत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर दोन मिनिटांत सोडवलं असतं. पण मी फक्त दांडा बसतो का ते बघितलं. आमच्या धंद्यातही हे होतं. दोन प्रोग्रॅम एकमेकांना जोडले जातात, सगळं जुळल्यासारखं दिसतं, आणि एकाची मर्यादा दुसऱ्याला माहीतच नसते. तिथे फार तर रात्री उठून काम करावं लागतं.

त्या दिवसापासून माझ्या शेडमध्ये नियम आहे. कॉलेटमध्ये काहीही घालण्याआधी त्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा. तो ग्राइंडरच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. आकडा पुसला गेला असेल तर ते हत्यार वापरायचं नाही. लांब दांड्याच्या हत्याराची वेगळी भीती असते. खोल भोकात घालायला दीडशे मिलिमीटर दांड्याचे कार्बाइड बर मिळतात. ते हवेत मोकळे फिरवले तर दांडा एका बाजूला वाकतो आणि चाबकासारखा फिरतो. म्हणून त्याने शिकवलं, "हवा कमी कर, आधी कामाला टेकव, मग लिव्हर दाब." कापायची पातळ चकती असेल तर गार्ड असलेलं वेगळं यंत्र घ्यायचं, यावर ती लावायचीच नाही.

यानंतर तो दर रविवारी यायला लागला. पहिल्या रविवारी मी तक्रार केली, "हा सुरुवातीला जोरात चालतो आणि मग मरतो. माझ्याच नशिबी खराब पीस आला." त्याने कंप्रेसरकडे बघितलं, टाकीकडे बघितलं आणि हसला. "मशीन चांगलं हाय. तुझी हवा संपतीया."

इथे मला आपल्या गणिताच्या सरांची आठवण झाली. सर, तुम्ही समोर बसला आहात. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, तर हौद किती वेळात रिकामा होईल? आम्ही मागे कुजबुजायचो की दोन्ही नळ एकदम कोण उघडं ठेवेल? सर, मी ठेवले होते. हे माझं उत्तर तपासा.

माझ्या ग्राइंडरच्या खोक्यावर हवेचा वापर लिहिला होता ४ सीएफएम, म्हणजे मिनिटाला चार घनफूट. तो आकडा बहुतेकदा सरासरी असतो, मिनिटातली पंधरा सेकंदंच यंत्र चालेल असं धरून काढलेला. सलग चालवलं तर त्याच्या चौपट हवा लागते, म्हणजे मिनिटाला चारशे लिटरच्या वर. आपण चारशेच धरू. माझा कंप्रेसर मिनिटाला दीडशे लिटर भरतो. तूट अडीचशेची. टाकी पन्नास लिटरची, ती आठ बारला भरून थांबते आणि ग्राइंडरला सहा बार तरी लागतात. म्हणजे वापरता येतात ते मधले दोन बार, पन्नास गुणिले दोन, शंभर लिटर हवा. शंभर भागिले अडीचशे, म्हणजे पॉइंट चार मिनिटं. चोवीस सेकंद. चोवीस सेकंद पूर्ण जोर, नंतर यंत्र लंगडायला लागतं. आणि टाकी पुन्हा भरायला शंभर भागिले दीडशे, म्हणजे चाळीस सेकंद.

मी लगेच मोठा कंप्रेसर बघायला निघाले. तो म्हणाला, "कशाला? चोवीस सेकंद घास, चाळीस सेकंद काम बघ. नवीन माणूस बघतच न्हाई, घासतच सुटतंय." त्याचं ऐकलं. बदलला तो फक्त पाइप. माझा पाइप बारीक भोकाचा, गुंडाळीचा होता. तेवढीच हवा न्यायची आणि पाइपचं भोक अर्धं, तर दाबाची तूट सुमारे बत्तीस पट होते. दहा मिलिमीटर भोकाचा सरळ पाइप आणि तशाच भोकाचे कपलर लावले आणि तोच ग्राइंडर नवा वाटायला लागला.

मग पाणी. आपल्याकडचा जुलै तुम्हाला सांगायला नको. पंचवीस अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त तेवीस ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते. पावसात हवा जवळजवळ तेवढी भरलेलीच असते. वीस मिनिटं ग्राइंडर चालवायला आठ घनमीटर हवा लागते. ती दाबून एक घनमीटर केली आणि पुन्हा थंड झाली, की तिच्यात वाफ मावते ती एका घनमीटरची. बाकीचं, म्हणजे चहाच्या मोठ्या कपाएवढं पाणी, टाकीत उरतं. ते रोज खालच्या कॉकमधून सोडलं नाही तर ग्राइंडरच्या आत जातं आणि पात्या खाचांत चिकटतात. मी पहिले चार महिने तो कॉक उघडलाच नव्हता. उघडला तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी आलं. आता काम संपलं की कॉक उघडते, आणि काम सुरू करण्याआधी हवेच्या तोंडात एअर टूलच्या पातळ तेलाचे चार थेंब घालते. दाट तेल किंवा ग्रीस घालायचं नाही, पात्या जाम होतात.

आता उपयोग सांगते, कारण घरी गेल्यावर तुमच्यापैकी चौघं तरी हे यंत्र घेणार आहेत.

पहिला उपयोग, वेल्डिंगचा आतला कोपरा. फाटकाच्या चौकटीत दोन अँगल काटकोनात मिळतात तिथे चार इंची ग्राइंडरची चकती आत जात नाही. टोकदार झाडाच्या आकाराचा कार्बाइड बर तिथे सहज पोचतो. लोखंडाला आडव्या-उभ्या दातांचा बर, ॲल्युमिनियमला रुंद खाचांचा वेगळा. लोखंडाचा बर ॲल्युमिनियमवर चालवला तर दात धातूने भरतात. त्याला आधी मेणबत्ती घासली तर थोडं कमी चिकटतं.

दुसरा, न जुळणारी भोकं. भिंतीत बोल्ट ठोकून झाले आणि पट्टीची भोकं दोन मिलिमीटरने चुकली, हे कोणाच्या घरी झालं नाही? गोल कानशीने अर्धा तास लागतो. याने दोन-तीन वेळा टेकवून काम होतं. मात्र कीस सुईसारखा बारीक असतो. तो हाताने झटकायचा नाही, हवेने अंगावरून उडवायचा तर मुळीच नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून फिरवायचा आणि मग पिशवी उलटी करायची.

तिसरा, जाम झालेले बोल्ट. डोकं झिजलेला बोल्ट पान्याने फिरत नाही, तेव्हा त्याचं डोकंच बराने खाऊन टाकायचं. खालची पट्टी सुटते, उरलेला आटा पकडीने निघतो. बाबांच्या जुन्या चेतकचे तीन बोल्ट असे काढले. इंजिनचं तोंड उघडं असेल तर मात्र तिथे घासायचं नाही. घासणीची भुकटी तेलात गेली की बेअरिंग खाते.

चौथा उपयोग स्वयंपाकघरातला, आणि हा खराच स्वयंपाकघरातला आहे. ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये नळाचं भोक होतं, नवा नळ त्यात जाईना. फोडणाऱ्या माणसाला बोलावलं तर तो म्हणाला, तडा गेला तर मी जबाबदार नाही. मी डायमंड बर लावला, एका हाताने बाटलीतून पाणी थेंब थेंब सोडायला भाचीला उभं केलं आणि भोक चार मिलिमीटरने मोठं केलं. ओट्यावर पाणी वाहत होतं, पण यंत्रात वीज नव्हती. फक्त कोरडं घासू नका. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते. पाणी हवंच, आणि मास्कही हवा.

पाचवा माझा लाडका. आजीचं बिडाचं अप्पेपात्र पंधरा वर्षं माळ्यावर होतं. सात वाट्या, सगळ्या गंजलेल्या, तळाला खरखर. तसं बघितलं तर अप्पेपात्र हाही साचाच आहे, पिठाचा. पसरट तवा असता तर चार इंची ग्राइंडरने झाला असता, वाटीत तो जाणार कसा? हाताने पॉलिश पेपर घेऊन बसले तर एका संध्याकाळी एक वाटी. डाय ग्राइंडरला पंचवीस मिलिमीटरचं फ्लॅप व्हील लावलं, आकडा वाचला, हवा कमी केली, आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस. कार्बाइड बर इथे नको, तो बिडात खड्डे पाडतो. आणि आरशासारखं गुळगुळीतही करायचं नाही, तेलाचा थर धरायला जरा खरखर लागते.

पहिल्या वाटीत माझे ओरखडे उठले. मी हत्यार दाबत होते. तो शेजारी उभा होता. म्हणाला, "रेटू नगंस, नुसतं टेकव. मशीन आपलं आपण खातंय." दाबलं की वेग पडतो, वेग पडला की हत्यार कापायचं सोडून आपटायला लागतं, आपटलं की हात थरथरतो. हलकं धरलं की आवाज एकसारखा राहतो. दुसऱ्या वाटीपासून जमलं. मग पात्र धुतलं, चुलीवर कोरडं केलं, तेलाचा पातळ हात देऊन तीनदा तापवलं. पहिला घाणा चिकटला. दुसरा सुटला.

ते अप्पे खायला तो पुढच्या रविवारी आला. जानेवारी होता. सकाळी आठला. मी चहाचा पेला पुढे केला आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ प्यायला नाही. बोटांची टोकं पांढरी पडली होती, खडूसारखी. मी विचारलं. तो म्हणाला, "थंडीत हुतंय. शर्टाची बटणं बायको लावती." मग म्हणाला, "म्हणून तुला टेकव म्हणतोय."

घरी जाऊन मी वाचलं. हे नवीन नाही. अमेरिकेत १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन या बाईंनी इंडियानातल्या बेडफर्ड इथे हवेच्या हातोड्याने चुनखडी कापणाऱ्या कामगारांचे हात तपासले आणि हेच लिहून ठेवलं. बोटं पांढरी, बधिर, थंडीत जास्त. कंपनाने बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. नसा फार बिघडल्या की पुरत्या सुधारत नाहीत. हवेच्या यंत्रात भर म्हणजे पसरणारी हवा थंड होते, त्यामुळे यंत्राचा दांडाच हातात गार पडतो.

आणि कान. हे यंत्र नव्वद डेसिबलच्या आसपास आवाज करतं. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांच्या कामासाठी मर्यादा नव्वद डेसिबल आहे, आणि शॉपमध्ये असे दहा जण एका वेळी घासत असतात. आपल्या ग्रुपवर तो कधी फोन उचलत नाही, फक्त मेसेज करतो, म्हणून आपण त्याला शिष्ट म्हणायचो. मीही म्हटलं होतं. त्याला फोनवरचं नीट ऐकू येत नाही. वर्गात शेवटच्या बाकावरून कुजबुजून उत्तरं पुरवणारा हाच मुलगा.

मी घरी येऊन चोवीस आणि चाळीसचं गणित पुन्हा बघितलं. माझा कंप्रेसर लहान आहे. म्हणून चोवीस सेकंदांनी माझ्या हाताला चाळीस सेकंद विश्रांती मिळते, मी मागितली नाही तरी. त्याच्या शॉपमध्ये कंप्रेसर मोठा आहे, खोलीएवढा. तिथली हवा कधी संपत नाही. तिथे हात थांबायला कारणच नसतं.

आपल्या वर्गातल्या तिघा-चौघांचे शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात कारखाने आहेत. आपल्या सगळ्यांना त्यांचा अभिमान आहे. तुम्ही समोर बसला आहात म्हणून, आणि तुम्ही ऐकून घ्याल म्हणून बोलते. फेटलिंगवाल्या माणसाचं काम दिवसात दोन-तीनदा बदला, सलग आठ तास त्याच्या हातात ग्राइंडर ठेवू नका. बोथट बर लगेच बदला. बोथट बर स्वस्त पडतो असं वाटतं, पण त्याने माणूस जास्त रेटतो. बेअरिंग गेलेलं यंत्र दुरुस्तीला काढा, ते जास्त थरथरतं. कानाला मफ द्या आणि वर्षातून एकदा कानांची तपासणी करा, म्हणजे ऐकू येईनासं होण्याआधी कळेल. थंडीत सकाळी काम सुरू करण्याआधी हात गरम करायला दहा मिनिटं आणि चहा द्या. यातलं काहीच महाग नाही. मी हिशेब मांडून दिला तर तो तुमच्याच फायद्याचा निघेल, पण मला तो हिशेब मांडायचा नाही. आपल्यातल्या एकाला शर्टाचं बटण लावता येत नाही, एवढंच सांगायचं होतं.

आमच्या टेक्निकलच्या सरांना एक सांगायचं आहे. सर, मी तुमच्या वर्गात कधी बसले नाही. पण तुम्ही शिकवलेलं मला मिळालं, तीस वर्षं उशिरा आणि तुमच्या विद्यार्थ्याकडून. तो अजूनही कानस धरताना अंगठा वर ठेवतो, तुम्ही सांगितला होता तसा.

वीस मिनिटं होत आली. माझी शेड दर रविवारी सकाळी नऊ ते बारा उघडी असते. गंजलेला तवा, जाम झालेला बोल्ट, न बसणारी कडी, काहीही घेऊन या. दाराशेजारच्या खुंट्यांवर पाच गॉगल आणि पाच कानाचे मफ टांगलेले आहेत. ते घातल्याशिवाय आत येता येत नाही, ओढणी आणि बांगड्या बाहेर ठेवाव्या लागतात, सैल हातमोजे चालत नाहीत. शिकवणारा तो आहे, मी नाही. त्याच्याशी बोलताना समोर उभं राहून बोला, म्हणजे त्याला कळतं. चहा मी करते आणि अप्पे सात-सातच्या घाण्याने होतात, त्यामुळे थोडं थांबावं लागेल.